चाकसूचा बासोडा

कृतज्ञतेची भावना मनुष्यमात्राच्या ठिकाणी सर्वत्र सारखीच असली, तरी ती प्रकट करण्याचे रिवाज देशकालपरत्वे भिन्न असतात, आणि ते रिवाज देवघरापेक्षा स्वयंपाकघरातच अधिक स्पष्टपणे दृष्टीस पडतात. अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी दूरदूरची मुलेबाळे वडीलधाऱ्यांच्या घरी जमतात आणि तासन्‌तास भट्टीत भाजलेली टर्की, क्रॅनबेरीची चटणी व भोपळ्याचा पाय यांवर कुटुंबाची पंगत झडते. त्या 'थँक्सगिव्हिंग'चा उगम, १६२१ साली प्लिमथच्या वसाहतकऱ्यांनी वाम्पानोआग लोकांसमवेत केलेल्या सुगीच्या मेजवानीत सांगतात. पुढे १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असतानाच, अध्यक्ष लिंकन यांनी जाहीरनामा काढून त्यास राष्ट्रीय स्वरूप दिले आणि १९४१ मध्ये कायद्याने त्याचा दिवस कायम झाला. आज आपली परदेशस्थ मराठी कुटुंबेही त्या सुट्टीत एकमेकांकडे जमतात. परंतु नेमक्या उलट रीतीने, म्हणजे चूल पेटवून नव्हे तर विझवून, आभार मानणारा 'बासोडा' नावाचा एक कौटुंबिक उत्सव आपल्याच देशात नांदत आहे, आणि त्याचे मोठे पीठ म्हणजे जयपूर जिल्ह्यातील चाकसू हे तहसिलीचे गाव होय.

जयपूरहून टोंक-कोट्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारे चाळीस किलोमीटरांवर चाकसू लागते. जुन्या लेखांतून त्याचा उल्लेख चाटसू असा आढळतो. या गावानजीकच्या 'शील की डूंगरी' नावाच्या टेकडीवर, देवीच्या रोगापासून लेकरांना राखणारी मानल्या जाणाऱ्या शीतलामातेचे मंदिर आहे. त्याच्याशी जयपूरचे महाराजा माधोसिंह यांचे नाव जोडले जाते. राजपुत्र देवीच्या आजारातून बरे झाले, म्हणून दरबाराने कृतज्ञतापूर्वक येथे बांधकामाची तजवीज केली, अशी आख्यायिका आहे. होळीनंतरच्या अष्टमीस येथे बासोड्याची मोठी यात्रा भरते. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे ती चैत्र वद्य अष्टमी असते, तर आपल्याकडे महिना अमावास्येस संपत असल्यामुळे तीच तिथी फाल्गुन वद्य अष्टमी ठरते.

या व्रताची लोककथा मोठी सूचक आहे. शीतलामाता वृद्धेच्या वेषात गावात फिरत असता कोणी तरी वरून उकळत्या भाताची पेज फेकली, आणि तिच्या सर्वांगावर फोड उठून ती दाहाने कळवळू लागली. साऱ्या गावात एका कुंभारणीखेरीज कोणासही तिची दया आली नाही. त्या गरीब स्त्रीने तिच्या अंगावर थंड पाणी ओतले, रात्रीची शिळी राबडी व दही तिला खाऊ घातले, आणि घरात आसन नव्हते म्हणून गाढवावर बसविले. देवी प्रसन्न झाली. तिचे वाहन गाढव का, तिला नैवेद्य थंड अन्नाचाच का, आणि तिच्या पूजेचा मान कुंभार समाजाकडे का, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या एका कथेत सामावले आहे. ज्या समाजव्यवस्थेत देवाजवळ जाण्याचा अधिकारही जन्माने ठरत असे, तेथे एका कारागीर जातीकडे हे पौरोहित्य वहिवाटीने चालत यावे, ही लहान गोष्ट नव्हे.

उत्सवाचा खरा आरंभ सप्तमीच्या दिवशी घरोघरच्या स्वयंपाकघरांत होतो. या दिवसाला 'रांधा पुआ' म्हणतात. घरातील सासू, सुना व मुली मिळून दुसऱ्या दिवसाचे सारे अन्न याच दिवशी सिद्ध करून ठेवतात: गुळाचे पुए व गुलगुले, पुऱ्या, पापडी, शक्करपारे, कैर-सांगरीची भाजी, बाजरीची वा मक्याची राबडी, आणि दही-भात कालवून केलेला ओलिया. स्वयंपाक उरकला की चूल स्वच्छ करून शांत करतात, आणि मग अष्टमीचा संपूर्ण दिवस घरात अग्नी प्रज्वलित होत नाही.

अष्टमीस पहाटे, बहुधा अंधार असतानाच, स्त्रिया थंड पाण्याने स्नान करून पूजेचे ताट व पाण्याचा कलश घेऊन मातेच्या स्थानाकडे निघतात. ताटात हळद, मेंदी, दही, राबडी, पुए, भिजविलेली बाजरी व मटकी असते. कणकेचा दिवाही असतो, परंतु तोदेखील न पेटविता ठेवावयाचा, इतका उष्णतेचा निषेध कसोशीने पाळला जातो. मातेस वाहिलेले थोडे पाणी घरी आणून लेकरांच्या डोळ्यांस लावतात आणि उरलेले घरभर शिंपडतात. नंतर कथा ऐकून सारे कुटुंब एकत्र बसून थंड अन्नाचा प्रसाद घेते. शिळे खाण्याचा वर्षातील हा शेवटचा दिवस, असे वडीलधारी माणसे सांगतात. यापुढे उन्हाळा चढत जातो आणि रात्रीचे अन्न सकाळपर्यंत टिकत नाही. तळणीचे, गुळाचे आणि ताकादह्याचे आंबटसर पदार्थच या दिवसासाठी योजिलेले आहेत, यावरून पूर्वजांची व्यवहारबुद्धी लक्षात येते.

डूंगरीवरील यात्रेस आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे लोटतात. पूर्वी ती सजविलेल्या बैलगाड्यांतून, ढूंढाडी बोलीतील गीते गात येत. आता ट्रॅक्टर व बसगाड्या आल्या आहेत. निरनिराळ्या समाजांच्या पंचायती येथे बसून सोयरिकी जुळविणे व तंटे मिटविणे हीही कामे करीत आल्या आहेत. प्रशासनास गर्दीचा चोख बंदोबस्त ठेवावा लागतो, आणि जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी देण्याचा प्रघात आहे.

या साऱ्या आराधनेच्या मुळाशी देवीच्या साथीचे भय होते, हे उघड आहे. त्या व्याधीवरील लस जेनरने १७९६ मध्ये शोधली. हिंदुस्थानात ती प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. तरीही पुढे पावणेदोनशे वर्षे ही साथ लेकरे नेतच राहिली. १९७५ मध्ये भारतातील अखेरचे रुग्ण आढळले, आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. भय गेले, परंतु उत्सव राहिला; कारण त्यात भयाइतकाच आभाराचाही अंश होता. लेकरे वाचली, घर नांदते राहिले, एवढ्यासाठीच तो होता.

आपल्या महाराष्ट्रालाही ही परंपरा परकी नाही. श्रावण शुद्ध सप्तमीस शीतला सप्तमी येते, आणि ज्या घरांत ती पाळतात तेथे आदल्या दिवशीचे अन्न नैवेद्यास दाखवून त्या दिवशी चुलीस विश्रांती देतात.

परंतु या विश्रांतीचे श्रेय कोणाचे, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करण्याजोगा आहे. अष्टमीस चूल थंड राहते, कारण सप्तमीच्या रात्री घरातील स्त्रिया दुप्पट राबतात. अमेरिकेतील भट्टीपुढेही बहुधा हेच चित्र दिसते. पंगतीस बसणाऱ्याने देवतेस हात जोडावेत हे योग्यच. परंतु आदल्या दिवशी पुए तळण्यास घरातील पुरुषांनी व मुलांनी हातभार लावला, तर त्या कृतज्ञतेस खरी पूर्णता येईल. आणि ज्या मातेने लेकरांना राखले असे आपण मानतो, तिच्या नावाने नवस बोलताना त्याच लेकराची लस चुकणार नाही, इतकी दक्षता प्रत्येक गृहस्थाने अवश्य घ्यावी.