बंदसम्राट जॉर्ज



जॉर्ज फर्नांडिस यांचा जन्म ३ जून १९३०, मंगळूर. पाद्री होण्यासाठी सेमिनरीत गेलेला हा तरुण ती सोडून १९४९ मध्ये मुंबईत आला. खिसा रिकामा, झोपायला चौपाटीचं बाकडं. गोदी कामगारांचे नेते प्लासिड डिमेलो यांच्या हाताखाली तो घडला. टॅक्सीवाले, पालिका कामगार, हॉटेलांतली पोरं, ज्यांचं कुणी नव्हतं त्यांच्या युनियन त्याने बांधल्या. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटलांना पाडलं, तेव्हा अख्खा देश चकित झाला.

मला सर्वांत मोठा वाटतो तो १९७४ चा रेल्वे संप. लाखो रेल्वे कामगार ८ मेपासून कामावर गेले नाहीत. बोनस हवा होता, आणि इंजिन चालवणाऱ्यांना आठ तासांची पाळी. संप सुरू होण्याआधीच जॉर्जना अटक झाली, कामगारांना बडतर्फ केलं, कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढलं. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. तरीही इतक्या कामगारांना एकत्र उभं करणं, हे मी त्यांचं सर्वांत मोठं काम मानतो.

आणीबाणीत ते सरकारविरोधी स्फोटांच्या कटाच्या आरोपावरून, बडोदा डायनामाइट खटल्यात तुरुंगात गेले आणि तिथूनच १९७७ मध्ये लोकसभेची मुझफ्फरपूरची जागा जिंकली. पुढची भाजपसोबतची वाटचाल अनेक जुन्या समाजवाद्यांना पटली नाही, मलाही नाही.

पण कोकणवासीयांनो, एक लक्षात ठेवा. कोकण रेल्वेचं घोडं अनेक वर्षं अडलं होतं. जॉर्ज रेल्वेमंत्री असताना, १९९० मध्ये, तिच्यासाठी स्वतंत्र महामंडळ उभं राहिलं आणि अभियंता ई. श्रीधरन यांच्या हाती काम सोपवलं गेलं. १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला.