लाल रक्तपेशी: ऑक्सिजन वाहते, पण वापरत नाही

माणसाच्या रक्तातली परिपक्व लाल पेशी जेमतेम सात-आठ मायक्रोमीटर रुंद असते. तिच्यात केंद्रक नाही, रायबोसोम नाहीत, तंतुकणिकाही नाहीत. तरीही ती सुमारे १२० दिवस अखंड फिरते, स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून अंग चोरून पार होते. यासाठी लागणारी ऊर्जा ती आणते कुठून?

अस्थिमज्जेत घडत असताना तिच्याकडे हे सगळे असते. आधी केंद्रक बाहेर टाकले जाते, मग रेटिक्युलोसाइट अवस्थेत ती उरलेल्या तंतुकणिका स्वतःच पचवून टाकते. मागे उरते हिमोग्लोबिनने गच्च भरलेली पिशवी. वाहून नेत असलेला ऑक्सिजन वाटेत स्वतःच खर्च करण्याची सोयच तिच्यात राहत नाही.

तिची सगळी मदार ग्लुकोजवर. तो पेशीद्रव्यात येतो आणि दहा पायऱ्यांत त्याचे पायरुव्हेटचे दोन रेणू होतात. सुरुवातीला दोन एटीपी खर्च होतात, पुढे चार मिळतात. हाती उरतात दोन. तंतुकणिका असलेली पेशी त्याच ग्लुकोजपासून तीसच्या आसपास एटीपी मिळवते. या वाटेवर एनएडी हा सहविकर एनएडीएच होऊन बसतो. तो मोकळा झाला नाही तर सगळेच ठप्प होईल, म्हणून पायरुव्हेटचे लॅक्टेट केले जाते. लॅक्टेट यकृताकडे जाते आणि यकृत सहा एटीपी मोजून त्याचा पुन्हा ग्लुकोज बनवते.

हे काम किती नेटाने चालते, ते पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिसते. रक्त साध्या नळीत तसेच ठेवले तर त्यातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते, कारण पेशी ती वापरतच राहतात. म्हणून साखरेच्या तपासणीचे रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यातले फ्लोराइड नवव्या पायरीवरच्या एनोलेज या विकराला अडवते.

दोन एटीपी पुरतात, कारण खर्च मोजका आहे. या पेशीला प्रथिने बनवायची नाहीत, विभाजनही करायचे नाही. तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत नेणारा पंप चालवायचा, कॅल्शियम बाहेर काढायचे, आकार टिकवायचा. पण एवढ्याही कामाला ऊर्जा कमी पडली तर भागत नाही. पायरुव्हेट कायनेज हे विकर जन्मतः कमी असलेल्यांच्या लाल पेशी अकाली नष्ट होतात आणि रक्तक्षय होतो.

विद्यार्थ्यांनी या मार्गाच्या दोन आडवाटा जरूर पाहाव्यात. एका वाटेवर पेशी एटीपी मिळवण्याची एक पायरी सोडून देते आणि बदल्यात २,३-बीपीजी बनवते. त्यामुळे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड ढिली होते आणि तो ऊतींना मिळतो. दुसऱ्या वाटेवर, सुरुवातीलाच, काही ग्लुकोज पेंटोज फॉस्फेट मार्गाकडे वळतो. तिथे एटीपी मिळत नाही, एनएडीपीएच मिळते, आणि ते ऑक्सिजनच्या विध्वंसक रूपांपासून पेशीला वाचवते. या वाटेवरचे पहिले विकर जी-६-पीडी. ते ज्यांच्यात कमी असते, त्यांच्या लाल पेशी प्रायमाक्वीन हे हिवतापावरचे औषध घेतल्यावर फुटू शकतात.

म्हणून उत्तरपत्रिकेत ‘निव्वळ दोन एटीपी’ एवढेच लिहून थांबू नका. एटीपी, २,३-बीपीजी आणि एनएडीपीएच या तिन्हींची तजवीज ही पेशी एकाच ग्लुकोजच्या पुरवठ्यातून करते. तिची खरी करामत या वाटणीत आहे.