उष्णता फुकट नसते : अल क्वोजमधल्या सहवीजनिर्मितीचा हिशेब

शेख झायेद रोड आणि अल खैल रोड यांच्यामध्ये पसरलेला अल क्वोज हा दुबईचा कामकरी भाग. गोदामे, गॅरेजे, सुतारशाळा, बेकऱ्या, लाँड्र्या, कामगारांची वसतिगृहे आणि जुन्या शेडमध्येच थाटलेली अलसेरकाल अव्हेन्यूची कलादालने असा सगळा पसारा. दुबईतल्या अशा औद्योगिक पट्ट्यांत पुणे-नाशिककडचे अनेक अभियंते आणि उद्योजक काम करतात. उन्हाळ्याची बिले आली की त्यांच्यात एक विचार हमखास निघतो : आपलेच लहान इंजिन बसवू, त्यावर वीज करू आणि इंजिनाच्या उष्णतेवर शेड थंड करू. युरोपात अशाच लहान केंद्रांवर गावेच्या गावे ऊबदार राहतात, मग इथे का नको?

हे तंत्र, म्हणजे सहवीजनिर्मिती, खरे आहे आणि जुनेही आहे. प्रश्न पैशांचा आहे, आणि त्याचे उत्तर एका गोष्टीवर ठरते : इंजिनातून निघणारी उष्णता नेमकी कशाची जागा घेते? ती जागा महागड्या गोष्टीची असेल तर सहवीजनिर्मिती परवडते, स्वस्त गोष्टीची असेल तर बुडवते. नेहमी ऐकू येणारे सहा समज या कसोटीवर तपासून पाहू.

गैरसमज १ : उष्ण प्रदेशात सहवीजनिर्मितीला कामच नाही.

वस्तुस्थिती : दुबई अनेक दशके सहवीजनिर्मितीवरच उभी आहे. दुबईचे वीज व पाणी प्राधिकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘देवा’, जबल अली इथे नैसर्गिक वायूवर वीज करते आणि त्यातल्या वाफेवर समुद्राचे पाणी गोडे करते. ९,५४७ मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र एकाच जागी उभारलेले जगातले सर्वांत मोठे वायू-वीजकेंद्र म्हणून गिनीज बुकात नोंदले गेले. आपल्याकडे साखर कारखाने हेच करतात. बगॅस जाळून वाफ करायची, तिच्यावर वीज काढायची आणि तीच वाफ रस आटवायला वापरायची. उष्णतेपासून थंडावा करणारी यंत्रेही दुर्मीळ नाहीत. लिथियम ब्रोमाइड आणि पाण्यावर चालणारे शोषण-चिलर पुण्याची थरमॅक्स कंपनी देशोदेशी पाठवते.

मात्र जबल अलीने एक धडाही दिला. हिवाळ्यात विजेची मागणी निम्म्याकडे झुकते, पाण्याची तेवढी उतरत नाही. पाण्यासाठी वाफ हवी, आणि वाफेसाठी नको असताना वीज करायची, अशी कोंडी होते. म्हणून आता वीज आणि पाणी यांची जोडी सोडवली जात आहे. हस्यान इथला रोज १८ कोटी गॅलनचा नवा प्रकल्प वाफेवर नव्हे, तर विजेवर चालणाऱ्या उलट-परासरण पद्धतीचा आहे. दोन उत्पादने एका यंत्राला बांधली की एकाची मागणी दुसऱ्याला ओढत नेते. लहान इंजिनालाही हाच नियम लागू आहे.

गैरसमज २ : एकूण कार्यक्षमता ८० टक्के, म्हणजे मोठ्या वीजकेंद्रापेक्षा फायदा जास्त.

वस्तुस्थिती : हे ८० टक्के म्हणजे वीज आणि उष्णता यांची सरळ बेरीज, आणि या दोघींची किंमत सारखी नसते. वायूची १०० युनिट ऊर्जा घेतली असे धरा. चांगले लहान इंजिन त्यातून सुमारे ४० युनिट वीज आणि ४० युनिट वापरण्याजोगी उष्णता देते.

कोपनहेगनच्या हिवाळ्यात ती ४० युनिट उष्णता थेट घरे तापवते. ती नसती तर बॉयलरमध्ये आणखी ४४-४५ युनिट वायू जाळावा लागला असता. फायदा उघड आहे.

आता तेच इंजिन अल क्वोजमध्ये आणा. एकेरी टप्प्याचा शोषण-चिलर एक युनिट उष्णतेवर सुमारे ०.७ युनिट थंडावा देतो, म्हणजे ४० युनिटवर २८. पण पंप आणि कूलिंग टॉवर धरूनही चांगला विजेचा चिलर एका युनिट विजेत ४ युनिट थंडावा सहज देतो. म्हणजे त्या २८ युनिट थंडाव्याला जेमतेम ७ युनिट वीज पुरते. इंजिनाची खरी कमाई झाली ४० अधिक ७, म्हणजे ४७. आधुनिक संयुक्त चक्राचे मोठे केंद्र तेवढ्याच वायूत ५५ किंवा अधिक युनिट वीज करते. दुबईत तारांमधली गळती दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. ती वजा केली तरी ५३-५४ युनिट शेडपर्यंत पोचतात. दुहेरी टप्प्याचा चिलर लावला तर हे अंतर कमी होते, पण त्याला अधिक तापमानाची उष्णता लागते आणि ती इंजिनाच्या धुराड्यातून थोडीच मिळते.

गैरसमज ३ : वाया जाणारी उष्णता फुकट आहे, ती वापरायला खर्च कसला?

वस्तुस्थिती : उष्णता फुकट असेल, ती पकडणे फुकट नाही. उष्णता-विनिमयक, शोषण-चिलर, पंप आणि टॉवर हा सगळा भांडवली खर्च आहे. त्याहून दुर्लक्षित बाब म्हणजे पाणी. शोषण-चिलरला खोलीतली उष्णता आणि स्वतःला दिलेली उष्णता, दोन्ही टॉवरमधून बाहेर टाकाव्या लागतात. एक टन शीतकरण म्हणजे ताशी सुमारे ३.५ युनिट उष्णता काढणे. विजेच्या मोठ्या चिलरला एका टन-तासामागे टॉवरमध्ये सहा लिटरच्या आसपास पाण्याचे बाष्पीभवन करावे लागते, एकेरी शोषण-चिलरला बारा लिटरहून अधिक. हे पाणी समुद्रातून, पैसे आणि ऊर्जा ओतून काढलेले आहे. हवेवर थंड होणाऱ्या साध्या पॅकेज युनिटला तर पाणी लागतच नाही. वाळवंटात दुप्पट पाणी उडवून मिळणाऱ्या थंडाव्याला फुकट म्हणता येत नाही.

गैरसमज ४ : स्वतः केलेली वीज सरकारी विजेपेक्षा स्वस्त पडते.

वस्तुस्थिती : दुबईतल्या बहुतेक स्वयंपाकघरांत गॅस सिलिंडरने किंवा इमारतीच्या टाकीतून येतो. वीजकेंद्राला नळाने मिळणारा स्वस्त वायू साध्या शेडच्या दारात नसतो. उरते डिझेल किंवा एलपीजी. एक लिटर डिझेलवर साडेतीन ते चार युनिट वीज होते. लिटरला तीन दिरहम धरले तर फक्त इंधनाचाच खर्च युनिटमागे ७५ ते ८५ फिल्स (दिरहमचे शतांश) होतो. तेल, सुटे भाग आणि ओव्हरहॉल वेगळे. उलट, औद्योगिक ग्राहकासाठी देवाचा मूळ दर बरीच वर्षे पहिल्या १०,००० युनिटला २३ फिल्स आणि पुढे ३८ फिल्स असा राहिला आहे. त्यावर इंधन अधिभार पडतो.

उष्णतेच्या बचतीने ही तफावत भरून निघेल का? एका युनिट विजेबरोबर साधारण एक युनिट उष्णता हाती येते, तिचा थंडावा ०.७ युनिट. पॅकेज युनिटला तेवढ्यासाठी पाव युनिट वीज लागते, म्हणजे वाचतात दहा-अकरा फिल्स. खड्डा चाळीस-पन्नास फिल्सचा राहिला, तर त्यात इतकी माती पुरणार नाही.

दिवसाच्या विजेचे चित्रही बदलले आहे. मोहम्मद बिन रशीद सौर पार्कच्या पाचव्या टप्प्यासाठी देवाने युनिटला १.६९५३ अमेरिकी सेंट, म्हणजे सव्वासहा फिल्सच्या आसपासचा दर मिळवला. हा घाऊक खरेदीचा दर आहे, ग्राहकाच्या बिलाचा नव्हे. तरीही भर दुपारी इंधन जाळून वीज करण्याची गरज कोणत्या दिशेने सरकते आहे, हे त्यावरून कळते.

गैरसमज ५ : डेन्मार्कमध्ये लहान केंद्रे चालतात, म्हणजे कुठेही चालतील.

वस्तुस्थिती : डेन्मार्कमध्ये दोन तृतीयांश घरांना सामूहिक उष्णता मिळते. १९७९ च्या उष्णता-पुरवठा कायद्याने नियोजन झाले, आणि नव्वदच्या दशकात गावोगावी वायूवर चालणारी लहान केंद्रे उभी राहिली. त्यांच्यामागे सरकारी आधार होता. पवनऊर्जा वाढली, विजेचे भाव पडले, तशी ही इंजिने वर्षात थोडेच तास चालू लागली. क्षमतेसाठी मिळणारा आधार बहुतेक केंद्रांसाठी २०१८ अखेर संपला, आणि अनेक गावे मोठे उष्णता-पंप आणि विजेचे बॉयलर यांच्याकडे वळली. आदर्श म्हणून दाखवला जाणारा देशही आता हिशेब बदलतो आहे.

यामागचे गणित सोपे आहे. यंत्रावर घातलेला पैसा ते चालते त्या तासांत वाटला जातो. वर्षाला ६,००० तास चालणारे इंजिन २,००० तासांवर आले की तासामागचा भांडवली बोजा तिप्पट होतो. नळांचेही तसेच. अल क्वोजशेजारच्या डाउनटाउनमध्ये उंच इमारती दाटीने उभ्या आहेत, म्हणून तिथे थंड पाण्याचे जाळे परवडते. तिथल्या शीतकरण व्यवस्थेतला ८० टक्के हिस्सा २०२० मध्ये तबरीद या शीतकरण कंपनीने एमार या बांधकाम कंपनीकडून घेतला. अल क्वोजच्या शेड मात्र ठेंगण्या, विखुरलेल्या आणि प्रत्येकाच्या वेगळ्या वेळापत्रकाच्या आहेत. मीटरभर नळामागे विकला जाणारा थंडावा कमी, म्हणून तो महाग.

गैरसमज ६ : एसी बंद ठेवला तर डिस्ट्रिक्ट कूलिंगचे, म्हणजे अशा थंड पाण्याच्या जाळ्याचे, बिल शून्य यायला हवे.

वस्तुस्थिती : सुट्टीत दोन महिने गावी जाऊन आलेल्या मराठी कुटुंबांना हा धक्का दरवर्षी बसतो. बिलाचे दोन भाग असतात. दुबईतल्या एम्पॉवर या शीतकरण कंपनीचा जाहीर दर बरीच वर्षे असा राहिला आहे : वापरलेल्या प्रत्येक टन-तासाला ०.५६८ दिरहम, आणि राखून ठेवलेल्या प्रत्येक टनाला वर्षाला ७५० दिरहम. पाच टनांचे घर असेल तर दुसरा भाग वर्षाला ३,७५० दिरहम होतो, एसी लावा वा लावू नका. कारण चिलर, टॉवर आणि नळ तुमच्यासाठी आधीच उभारलेले असतात. काही इमारतींत ही रक्कम देखभाल-शुल्कात मिसळलेली असते. जागा भाड्याने घेण्यापूर्वी ती कोण भरणार आणि मंजूर टन गरजेपेक्षा जास्त आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे. २०२१ पासून दुबईत या सेवेसाठी स्वतंत्र नियमावली आहे, त्यामुळे असे प्रश्न विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

मग परवडते कुठे?

जिथे वर्षभर, दिवसाचे बहुतेक तास गरम पाणी किंवा वाफ लागते आणि स्वस्त इंधन दारात येते, तिथे. मोठी लाँड्री, दूधप्रक्रिया, रुग्णालय ही तशी ठिकाणे. साखर कारखान्यात इंधन स्वतःचेच आणि वाफेची भूक कायमची, म्हणून तिथे गणित सुटते. वसतिगृहांच्या अंघोळीच्या पाण्याला मात्र दुबईत इंजिनाची गरज उरत नाही. नव्या व्हिला आणि कामगार-वसतिगृहांनी गरम पाण्यापैकी ७५ टक्के सौरऊर्जेवर तापवावे, असा तिथल्या हरित इमारत नियमांचा दंडक आहे.

सामान्य शेडच्या मालकाने पैसा पुढील क्रमाने घालावा. आधी पत्र्याखाली चांगले रोधन आणि फटी बंद करणे. मग जुने पॅकेज युनिट बदलणे. मग २०१४ च्या ठरावाने खुल्या झालेल्या शम्स दुबई योजनेतून छपरावर सौर पॅनेल. या तिन्हींनंतरही कोणी इंजिनाचा प्रस्ताव आणला तर त्याच्याकडून चार आकडे कागदावर मागा : इंधनाचा युनिटमागचा खर्च, वर्षातले चालण्याचे तास, महिनावार मोजलेली उष्णतेची गरज आणि टॉवरला लागणारे पाणी. हे चार आकडे समोर येईपर्यंत ८० टक्क्यांच्या बळावर सही करू नये. कष्टाने उभ्या केलेल्या धंद्याचे भांडवल अडकते ते हा हिशेब अर्धा राहिल्यामुळे, आणि तो पूर्ण करायला एक वर्षाची मीटरची नोंद पुरते.