दाखल, देवघेव, निर्लेखन

वाचनालयातलं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान उघडतो. गोष्टीचा शेवट पाहायला नाही, तिथे डकवलेली तारखांची चिठ्ठी पाहायला. लहानपणी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर एकीवर एक अशा तीन-तीन चिठ्ठ्या चढलेल्या असत आणि जांभळ्या शिक्क्यांना जागा पुरत नसे. समोरच्या काचेच्या कपाटात केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड होते. त्यांच्या मागच्या पानावर एकही शिक्का नव्हता. मला वाटायचं, ही पुस्तकं कुणी वाचतच नाही, मग एवढी जागा अडवून का ठेवली आहेत?

हा प्रश्न पोरकट नव्हता, हे पुढे ग्रंथपालांशी गप्पा मारताना कळलं. कपाट ठरावीक, पैसा ठरावीक आणि पुस्तकं अमाप. अशा वेळी आत कोणाला घ्यायचं, कोणाला किती काळ ठेवायचं आणि कोणाला निरोप द्यायचा, या तीन निर्णयांतच ग्रंथालयाचं सगळं शहाणपण असतं. दप्तरी भाषेत त्यांना दाखल, देवघेव आणि निर्लेखन म्हणतात.

मराठीत अशा संस्थांना वेगवेगळी नावं आहेत आणि त्यांतच धोरणांचा फरक दडलेला आहे. वाचनालय वाचणाऱ्यासाठी. रत्नागिरीला १८२८ साली असं वाचनालय सुरू झालं, पुण्याला १८४८ मध्ये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली. आपल्या माणसांना वर्तमानपत्रं आणि नवी पुस्तकं वाचायला मिळावीत, ही त्यामागची निकड होती. ठाण्याला १८९३ मध्ये ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने आणि त्यानंतर पाच वर्षांनी मुंबईला ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांनी मात्र स्वतःला ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ म्हणवून घेतलं. मराठीत छापलं गेलेलं जपलं पाहिजे, मग ते आज कुणी मागो वा न मागो, ही संग्रहालयाची भूमिका. वाचनालयाला आजचा वाचक दिसतो, संग्रहालयाला पन्नास वर्षांनी येणारा. प्रत्यक्षात गावोगावच्या बहुतेक संस्थांना ही दोन्ही ओझी वाहावी लागतात, पण कोणतं किती वाहायचं हे बहुधा कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

निवडीचा प्रश्नच ज्यांना पडत नाही अशीही ग्रंथालयं आहेत. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत, स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, जे येईल ते घ्यायचं. कसूर केल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. एवढ्या दंडाला कोण भिणार? त्यामुळे जिथे निवड नाही तिथेही गाळणी लागतेच, फक्त ती ग्रंथपालाच्या हातात नसून प्रकाशकाच्या आळसाच्या हातात असते.

बाकीच्यांना मात्र रोज निवडावं लागतं. तालुक्याच्या वाचनालयात हे काम ग्रंथनिवड समितीकडे असतं. समितीपुढे टेबलावर बऱ्याच गोष्टी असतात: वर्तमानपत्रांतली परीक्षणं, प्रकाशकांच्या याद्या, ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी आणि काउंटरवरची मागणीवही. यांतली सगळ्यात प्रामाणिक ही मागणीवहीच. तीत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, टीव्हीवर मालिका आली म्हणून आठवलेली कादंबरी, कुणाला हवं असलेलं मधुमेहाच्या आहाराचं पुस्तक असं सगळं लिहिलेलं असतं. पण वहीत तोच लिहितो जो आत आलेला आहे. इथे आपल्यासाठी काही नसणार असं वाटून जो पायरीच चढला नाही, त्याची मागणी कोण नोंदवणार?

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी नेमकी हीच अडचण हेरली होती. ते मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांचा आशय साध्या मराठीत असा: पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा, वाचकाचा वेळ वाचायला हवा, आणि ग्रंथालय ही वाढणारी सजीव वस्तू आहे. दुसऱ्या सूत्राने मागणीवही भरते. तिसरं सूत्र वहीत न उतरलेल्या वाचकाच्या बाजूने बोलतं. निवड समितीत या दोघांचं भांडण चालू असेल तर संग्रह चांगला होतो. एकाच बाजूने निकाल लागला तर एकतर कादंबऱ्यांचं दुकान होतं, नाहीतर धूळ बसलेलं ज्ञानभांडार.

निवडीइतकीच महत्त्वाची, आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पुनर्खरेदी. ‘श्यामची आई’ किंवा ‘मृत्युंजय’ दाखल आहे म्हणून नोंदवहीत समाधान असतं, पण कपाटातली प्रत पहिली सोळा पानं गेलेली असते. ज्या पुस्तकांना सगळ्यात जास्त हात लागतात तीच आधी मरतात, हे ग्रंथालयाचं जुनं दुखणं आहे. त्यातून अनुदानाची रक्कम हप्त्याने येते आणि खर्चाची बिलं एकतीस मार्चच्या आत दाखवायची असतात. मग निवांतपणे चाळून घ्यायची पुस्तकं गठ्ठ्याने येतात. जिथे सवलत जास्त तो गठ्ठा आधी. त्या घाईत आलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. चिठ्ठी कोरी, पानं एकमेकांना चिकटलेली.

दुसरा रस्ता देणगीचा. घर बदलताना कुणीतरी आजोबांच्या दोन ट्रंका घेऊन येतं आणि अट घालतं: स्वतंत्र कपाट हवं, वर नावाची पाटी हवी. जाणता ग्रंथपाल नम्रपणे सांगतो की पुस्तकं घेऊ, अट घेणार नाही. ट्रंकेत बहुतेक जुनी गाइडं आणि एकाच धार्मिक पुस्तकाच्या चार प्रती निघतात. पण तळाशी एखादा जुना दिवाळी अंक असू शकतो, म्हणून ट्रंक उघडून पाहावीच लागते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून कितीतरी लेखकांचं पहिलं लेखन अशा अंकांत आलं. वाचनालयं दर वर्षी वेगळी वर्गणी लावून डझनांनी अंक घेतात, हिवाळाभर ते हातोहात फिरतात आणि वर्ष-दोन वर्षांनी रद्दीत जातात. वाचनालय म्हणून तो हिशेब बरोबर आहे. संग्रहालय म्हणून तोच हिशेब महाग पडतो, कारण चाळीस वर्षांनी पीएचडी करणारी मुलगी नेमका तोच अंक शोधत येते.

पुस्तक निवडलं, आलं, की ते दाखल होतं. हा विधी जवळून पाहण्यासारखा असतो. जाडजूड नोंदवहीत एका ओळीवर तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, पानं, किंमत, बिल क्रमांक. त्या ओळीचा क्रमांक हाच पुस्तकाचा दाखल क्रमांक. मग शीर्षकपानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का आणि एक शिक्का गुप्त पानावर. हे गुप्त पान प्रत्येक ग्रंथालय आपापलं ठरवतं. कुठे एकतीसावं, कुठे एक्कावन्नावं. कुणी शीर्षकपान फाडून पुस्तक लंपास केलं तरी आतलं पान साक्ष देतं. त्यानंतर वर्गांक. ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ मध्ये जागा मिळाली आहे आणि कादंबरी ८९१.४६३ वर बसते. ज्ञानेश्वरांपासून कालच्या कवीपर्यंत सगळे दशांश चिन्हाच्या उजवीकडे दाटीवाटीने उभे. म्हणून अनेक मराठी वाचनालयांनी ड्यूईंना बाजूला ठेवून कादंबरी, कथा, चरित्र, प्रवास, बालवाङ्मय अशी घरगुती मांडणी पत्करली. वाचकाच्या पायांना तीच सोयीची पडते.

आता खरा अवघड भाग: जमवलेला संग्रह चांगला आहे की नाही, हे ठरवायचं कसं? आपल्याकडे सोपं उत्तर आहे, मोजा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखालच्या नियमांनी सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरलं. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं असे आकडे पाहिले जातात. या व्यवस्थेने खेड्यापाड्यांत हजारो वाचनालयं तगली, हे तिचं मोठं देणं. पण आकड्यावर पैसा ठरला की आकडा सांभाळला जातो. २०१२ साली राज्यभर महसूल यंत्रणेकडून पडताळणी झाली तेव्हा काही ग्रंथालयं केवळ कागदावरच वाचत होती असं दिसलं. जी खरीखुरी होती तीही फाटकी पुस्तकं काढायला धजत नाहीत, कारण संख्या घटते. ग्रंथसंख्या हे ग्रंथालयाचं वजन आहे, तब्येत नाही. वजन सुजेनेही वाढतं.

तब्येत तपासायची तर चिठ्ठीकडे यावं लागतं. अमेरिकेत रिचर्ड ट्रूजवेल यांनी १९६९ मध्ये दाखवलं की साधारण वीस टक्के पुस्तकांवरच ऐंशी टक्के देवघेव चालते. पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात अॅलन केंट आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांचा सात वर्षं पाठपुरावा केला. १९७९ ला अहवाल आला आणि ग्रंथपालांची झोप उडाली, कारण सुमारे चाळीस टक्के पुस्तकं एकदाही बाहेर गेली नव्हती. तिथल्या प्राध्यापकांनी मग कडाडून हरकत घेतली. बाहेर गेलं नाही म्हणजे वापरलं नाही, असं कसं म्हणता?

इथे मला लहानपणीचा ज्ञानकोश आठवतो. त्याचे २३ खंड घरी द्यायचेच नव्हते, ते संदर्भाचे होते. शिक्षक, वकील, निबंध स्पर्धेतली मुलं त्या काचेच्या कपाटापाशी उभ्या उभ्या वाचायची आणि खंड जागेवर ठेवायची. शिक्का उमटणार कुठून? कोरी चिठ्ठी दोन गोष्टी सांगू शकते: कुणी वाचत नाही, किंवा इथेच बसून सगळे वाचतात. यांतलं खरं काय, हे कळायला ग्रंथपालाने संध्याकाळी टेबलावर उरलेली पुस्तकं मोजावी लागतात. काही ठिकाणी ‘वाचून झालेलं पुस्तक कपाटात ठेवू नये’ अशी पाटी असते, ती याचसाठी. वाचकाला ती शिस्तीची सूचना वाटते. ती खरं तर गणती असते.

दुसरी कसोटी यादीची. शं. ग. दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची केली, पहिला खंड १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. त्यातलं एखादं पान उघडावं आणि आपल्या कपाटांशी ताडून पाहावं. आपल्याकडे काय आहे हे नोंदवही सांगते. काय नाही, हे फक्त अशी सूची सांगू शकते. आणि तिसरी कसोटी सगळ्यात स्वस्त: ‘नाही’ म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक मागणीसाठी एक रेघ. महिन्याअखेर रेघा मोजल्या की पुढच्या खरेदीची यादी अर्धी तयार असते.

शेवटचा निर्णय काढून टाकण्याचा. मराठी माणसाचं पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करण्याचं वळण, त्यामुळे इथे हात थबकतो. शिवाय ऑडिट. सरकारी ग्रंथालयांच्या दप्तरात हरवलेलं पुस्तक हा सरकारी मालमत्तेचा तोटा असतो. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत मात्र एक शहाणा आकडा आहे. वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच गहाळ झाले, आणि त्यात अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसेल, तर तो तोटा वाजवी मानावा. हजार रुपयांवरच्या आणि दुर्मिळ पुस्तकांची मात्र चौकशी व्हायलाच हवी. म्हणजे वापराची झीज नियमानेही मान्य केलेली आहे. एकही पुस्तक न हरवलेलं ग्रंथालय दिसलं तर आधी तिथे कुलूप किती वेळ असतं ते पाहावं.

टेक्सासच्या छोट्या ग्रंथालयांसाठी १९७६ मध्ये एक पद्धत बनली, ती जगभर वापरली जाते. दिशाभूल करणारं, जीर्ण झालेलं, नव्या आवृत्तीने मागे टाकलेलं, उथळ, आपल्या वाचकाशी संबंध नसलेलं आणि दुसरीकडे सहज मिळणारं, अशी सहा प्रकारची पुस्तकं काढावीत. पहिल्या पाचांवर वाद कमी. तीस वर्षांपूर्वीचं प्राप्तिकराचं मार्गदर्शक कपाटात ठेवणं ही वाचकाची फसवणूकच आहे. आपली गाडी अडते ती सहाव्यावर. दुसरीकडे मिळेल, हे म्हणायचं कशाच्या भरवशावर? महाराष्ट्रातल्या सगळ्या कपाटांत काय आहे हे एका ठिकाणी पाहण्याची सोय नाही. तालुक्याच्या वाचनालयातली एखादी मळकी, पुठ्ठा सुटलेली प्रत ही शेवटची असू शकते. साधारण १८६७ पूर्वीच्या मराठी छापील पुस्तकांना आपण दोलामुद्रितं म्हणतो, म्हणजे छपाई पाळण्यात होती तेव्हाची. त्यांच्याकडे आदराने पाहतो. पण १९५० च्या दशकातल्या स्वस्त कागदावरची पुस्तकं आज आतून पिवळी होऊन बोटांत तुटतात आणि त्यांच्याकडे कुणी आदराने पाहत नाही.

रंगनाथनांच्या पाचव्या सूत्राचा अर्थ इथे उलगडतो. सजीव वस्तू नवं घेते तशी जुनं टाकतेही. पण काय टाकलं याचा विसर पडू देत नाही. निर्लेखनाच्या दिवशी समितीचा ठराव होतो, पुस्तकावर ‘बाद’ शिक्का पडतो आणि नोंदवहीतल्या त्या ओळीवर लाल शाईने शेरा लिहिला जातो. पुस्तक जातं. ओळ राहते. तो दाखल क्रमांक पुन्हा कुठल्याही पुस्तकाला देत नाहीत. नव्याने आलेलं पुस्तक, मग ते त्याच पुस्तकाची ताजी प्रत का असेना, वहीच्या शेवटी जाऊन आपला नवा क्रमांक घेतं.