तक्रार हाच गुन्हा : कॅथरीन आणि रशियाचे भूदास

आज आपण रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी आणि तिच्या राज्यातले भूदास यांच्याबद्दल बोलणार आहोत.

भूदास म्हणजे जमीनदाराच्या ताब्यातला शेतकरी. मालकाच्या परवानगीशिवाय त्याला ना गाव सोडता येई, ना लग्न करता येई. मालक त्याला विकूही शकत असे.

कॅथरीन १७६२ साली गादीवर आली. त्याच वर्षी दोन भूदासांनी तिच्यापर्यंत एक अर्ज पोहोचवला. त्यांची मालकीण दार्या साल्तिकोवा आपल्या माणसांचे हाल करून त्यांचे जीव घेत होती. चौकशी सहा वर्षं चालली. १७६८ मध्ये ३८ जणांच्या मृत्यूबद्दल ती दोषी ठरली. तिला मॉस्कोच्या लाल चौकात लोकांसमोर उभं केलं आणि जन्मभरासाठी कैदेत टाकलं.

आता ही चौकशी चालू असतानाचं १७६७ साल बघा. कॅथरीनने नवे कायदे करण्यासाठी ‘नकाज’ नावाची मार्गदर्शिका लिहिली. कायद्यापुढे सगळे समान, कबुलीसाठी छळ नको, असे त्यातले विचार. मॉस्कोत ५०० हून जास्त प्रतिनिधी जमले. त्यात उमराव होते, व्यापारी होते, सरकारी जमिनीवरचे शेतकरीही होते. जमीनदारांच्या भूदासांचा मात्र एकही प्रतिनिधी नव्हता. आणि त्याच ऑगस्टमध्ये फर्मान निघालं : भूदासाने मालकाविरुद्ध तक्रार केली, तर फटके आणि सैबेरियात सक्तमजुरी!

म्हणजे ज्या वाटेने साल्तिकोवाचे गुन्हे उघडकीला आले, ती वाटच बंद झाली.

असं का झालं? मला दोन कारणं दिसतात. एक, नवऱ्याला हटवून कॅथरीनला गादीवर बसवलं ते उमराव घराण्यांतल्या लष्करी अधिकाऱ्यांनी. दुसरं, खेड्यात सरकारी नोकर जवळजवळ नव्हतेच. करवसुली, सैन्यभरती, बंदोबस्त, सगळं जमीनदारावर अवलंबून. त्याला दुखवून राज्य चालवायचं कसं?

दबलेला राग १७७३ मध्ये पुगाचोवच्या बंडात फुटला. तो स्वतःला कॅथरीनचा मारला गेलेला नवरा म्हणवत होता आणि भूदासांना मुक्तीचं वचन देत होता. १७७५ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. पुढे १७८५ मध्ये हक्कांची सनद मिळाली, पण ती उमरावांना. भूदासांना १८६१ पर्यंत थांबावं लागलं.

म्हणून कुठल्याही सुधारणेबद्दल वाचताना मी एक प्रश्न आधी विचारतो : ज्याच्यावर अन्याय होतोय, त्याला दाद मागता येते का? ‘नकाज’ची पानं आणि ऑगस्टचं फर्मान शेजारी ठेवून बघा, उत्तर मिळेल.