चंद्र नेमका कुणाबरोबर येतो?

रात्रीच्या एसटीत खिडकीची जागा पटकावलेलं मूल हा प्रश्न कधी ना कधी विचारतंच: "बाबा, चांदोबा आपल्याबरोबर का येतोय?" झाडं मागे पडतात, ढाबे मागे पडतात, मैलाचे दगड मागे पडतात, चंद्र मात्र तिकीट न काढता थेट घराच्या दारापर्यंत सोबतीला. मोठ्यांकडे यावर दोन उत्तरं तयार असतात. एक, "तू त्याला आवडतोस म्हणून." दुसरं, "अरे, तो खूप लांब आहे ना, म्हणून." पहिलं गोड आहे, दुसरं बरोबर आहे, आणि दोन्हींनंतर मूल गप्प होतं. तिथेच घोटाळा होतो. कारण 'लांब आहे' हे उत्तर ऐकून मिळण्यापेक्षा शोधून मिळालं तर त्यातून केवढं तरी हाती लागतं. माणसाने चंद्राचं अंतर याच वाटेने मोजलं, नंतर ताऱ्यांचंही. आणि ही वाट चालायला दुर्बीण लागत नाही. लागतात दोन डोळे, एक अंगठा आणि बरोबर यायला तयार असलेली घरची माणसं.

सुरुवात गच्चीवर किंवा मैदानात करावी. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात लहान मुलांशी याच विषयावर गप्पा मारल्या होत्या. चंद्र आपल्यामागून येतो, असं लहान मुलं अगदी ठामपणे सांगत. मग ते एक खोचक प्रश्न टाकत: तू एका दिशेला गेलास आणि मी उलट दिशेला गेलो, तर चंद्र कुणाबरोबर जाईल? हा प्रश्न नुसता विचारू नका, करून बघा. दादाने पूर्वेकडे चालायचं, ताईने पश्चिमेकडे, आणि दोघांनी ओरडून सांगायचं की चंद्र कुणाकडे येतोय. दोघंही "माझ्याकडे!" म्हणणार. आजीला मध्ये एकाच जागी उभं करा. तिचा चंद्र जागचा हलणार नाही. आता एकच चंद्र एकाच वेळी उजवीकडे जातो, डावीकडे जातो आणि जागेवरही थांबतो, हे कसं काय? इथे मोठ्यांनी तोंड मिटून बसायचं. सात-आठ वर्षांचं मूल थोडा वेळ डोकं खाजवेल आणि बहुतेक स्वतःच म्हणेल, "म्हणजे तो कुणाबरोबरच जात नाही!"

मग आपल्याला तसं का दिसतं? पुढचा भाग दिवसाच्या प्रवासात. गाडी ताशी साठ किलोमीटरने चालली आहे असं धरू, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. रस्त्यापासून दहा मीटरवरचं झाड डोळ्यांसमोरून सप्‌कन निघून जातं. पाच किलोमीटरवरचा डोंगर त्या एका मिनिटात सुमारे अकरा अंश मागे सरकतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश आकाश झाकते, म्हणजे डोंगर मिनिटाला एका मुठीहून थोडा जास्त हलला. आणि चंद्र? तो सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. आपण एक किलोमीटर पुढे गेलो की त्याची दिशा बदलते ती जेमतेम अर्ध्या विकलेने. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला, म्हणजे अर्धी विकला हा अंशाचा सात हजारावा भाग. चंद्र मागे पडतो, पण इतका कमी की डोळ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. आपला मेंदू मात्र त्याला झाडाच्या शेंड्यापलीकडे, फार तर डोंगरामागे कुठेतरी धरून चालतो. एवढ्या जवळची वस्तू मागे पडायलाच हवी. ती पडत नाही, म्हणून मेंदू निष्कर्ष काढतो की ती आपल्याबरोबर धावते आहे.

हाच हिशेब जरा ताणून बघितला तर आणखी गंमत आहे. मुंबईहून पुण्याला आलो, सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर, तर ताऱ्यांच्या तुलनेत चंद्र सरकतो तो फार तर एक कला, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या तिसाव्या भागाइतका. त्याला स्वतःच्या पूर्ण रुंदीइतकं हलवायचं तर आपल्याला साधारण चंद्राच्या व्यासाएवढाच, म्हणजे ३,४७४ किलोमीटरचा आडवा प्रवास करावा लागेल. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. काश्मीरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत गेलो, तरी चंद्र पुरता एक चंद्रभरही बाजूला व्हायचा नाही!

एखादं चौकस मूल इथे हरकत घेईल: "पण खंडाळ्याच्या घाटात चंद्र या खिडकीतून त्या खिडकीत गेला होता!" शाबास. तिथे चंद्र सरकला नव्हता, गाडी वळली होती. आणखी एक हरकत: तासाभराने पाहिलं तर चंद्र बराच वर आलेला असतो. तेही खरं, पण तो आपल्या प्रवासाचा परिणाम नव्हे. पृथ्वी स्वतःभोवती तासाला पंधरा अंश फिरते, त्याचा तो परिणाम आहे, आणि घरी अंगणात बसून राहिलं तरी तो दिसणारच. कोणत्या बदलाचं कारण कोणतं, हे वेगवेगळं काढणं हे शास्त्रज्ञाचं रोजचं काम. ते घाटातल्या गाडीतही करता येतं.

आता अंगठा. हात सरळ पुढे करून अंगठा उभा धरा. उजवा डोळा मिटून डाव्याने बघा, मग उलट. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. हात कोपरात दुमडून अंगठा जवळ आणा. उडी मोठी होते. दोन डोळे म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतरावरच्या दोन जागा, आणि जागा बदलली की जवळची वस्तू मागच्या देखाव्यावर सरकते. याला पराशय म्हणतात. इंग्रजी शब्द पॅरलॅक्स. आपला हात दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या साधारण दहापट लांब असतो, म्हणून एक सोपं सूत्र हाती येतं: लांबवरच्या वस्तूपाशी अंगठ्याची उडी जेवढी रुंद, त्याच्या दहापट अंतरावर ती वस्तू. समोर दूरवर अकरा मीटर लांबीची बस आडवी उभी आहे आणि अंगठा तिच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडाला, तर ती सुमारे ११० मीटरवर आहे. मुलांनी अंदाज सांगावा, बाबांनी पावलं मोजत जाऊन तपासावं. शेतातला टोळही उडी मारण्याआधी अंग डावीकडे-उजवीकडे झुलवतो, ते याच कारणासाठी. समोरचं पान त्यामुळे किती सरकतं यावरून तो उडीचं अंतर ठरवतो.

चंद्रासाठी मात्र दोन डोळ्यांमधली जागा फारच थोडी. मग डोळे लांब लांब ठेवायचे, वेगवेगळ्या गावांत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलवेत्ता हिपार्कस याने नेमकं हेच केलं. आजच्या तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या परिसरात एका ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला गेला होता; इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात तो चार-पंचमांशच झाकला होता. उरलेला एक-पंचमांश सूर्य म्हणजे दोन ठिकाणांवरून दिसणारी चंद्राची उडी. त्यावरून आणि इतर हिशेबांवरून त्याने काढलेलं चंद्राचं अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सत्तर पटींच्या आगेमागे होतं. आजचं उत्तर आहे साधारण साठ पट. दुर्बिणीच्या शोधाला तेव्हा अठराशे वर्षं अवकाश होता.

मराठी घरांना हिपार्कसचा प्रयोग आज सहज जमेल, कारण आपली एखादी मावशी किंवा काका हमखास परदेशात असतात. कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला चंद्र कृत्तिका-रोहिणीच्या भागात असतो. पुण्यात रात्रीचे अकरा वाजलेले असताना लंडनमध्ये संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात आणि अंधार पडलेला असतो. दोन्हीकडे आकाश निरभ्र असेल तर व्हिडिओ कॉलवर एक-दोन-तीन म्हणून एकाच क्षणी चंद्र आणि रोहिणीचा फोटो काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की रोहिणीच्या तुलनेत चंद्राची जागा वेगळी दिसेल. फरक चंद्राच्या रुंदीच्या साधारण दीडपट. पुण्याच्या आजीचा चंद्र आणि लंडनच्या नातवाचा चंद्र यांच्या मधली ही फट म्हणजे चंद्र जवळ असल्याचा पुरावा.

हो, जवळ! कारण तारे दोन्ही फोटोंत जागच्या जागी आहेत. आणि या न हलणाऱ्या ताऱ्यांनी माणसाला फार चकवलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तर सहा महिन्यांत आपण सुमारे तीस कोटी किलोमीटर पलीकडे जातो. एवढ्या प्रवासात जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या मानाने सरकायला नकोत का? ग्रीकांना ते सरकताना दिसले नाहीत, म्हणून पृथ्वी स्थिर आहे असं मानायला एक भक्कम कारण मिळालं. सोळाव्या शतकातला ट्युको ब्राहे हा दुर्बिणीपूर्वीचा सर्वांत काटेकोर निरीक्षक. १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात अचानक उजळलेल्या ताऱ्याला पराशय नाही, हे दाखवून त्याने तो चंद्रापलीकडचा असल्याचं सिद्ध केलं. पण तारे आपल्याबरोबर येतात तर आपणच चालत नसणार, हे त्यालाही पटलेलं होतं. खिडकीतल्या मुलाला वाटतं की चंद्र धावतो. या थोरामोठ्यांना वाटलं की गाडीच थांबलेली आहे. तारे इतके लांब असू शकतील, ही शक्यता दोघांनाही खरी वाटत नव्हती.

कोंडी फुटली १८३८ मध्ये. फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातल्या '६१ सिग्नी' या मंद ताऱ्याचं सरकणं मोजलं. पराशय भरला विकलेच्या तिसऱ्या भागाच्या आसपास. दोन सेंटिमीटरचं नाणं तेरा-चौदा किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढा हा कोन. त्या ताऱ्याचं अंतर आजच्या मोजमापाने ११.४ प्रकाशवर्षं आहे. घरात अकरा वर्षांचं मूल असेल तर त्याच्या जन्माच्या सुमाराला तिथून निघालेला प्रकाश आत्ता आपल्याकडे पोचतो आहे. पुढे २०१३ मध्ये युरोपने सोडलेल्या 'गाया' यानाने हीच उडी सुमारे दीडशे कोटी ताऱ्यांसाठी मोजली. चंद्राचं अंतर तर आता लेसरने मोजतात. १९६९ मध्ये अपोलो ११च्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर सोडलेला किरण अडीच सेकंदांत परत येतो. त्यातून कळलं, की आपल्यामागून येणारा हा चांदोबा प्रत्यक्षात दर वर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो आहे.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना म्हणत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव. उत्तराखाली माझी सही मिळेल. सहीसाठी मुलाला आधी एक प्रश्न शोधावा लागे. घरात आपण बहुतेकदा याच्या उलट करतो: प्रश्न आला रे आला की उत्तराची सही ठोकून मोकळे. त्याऐवजी पुढच्या प्रवासात मुलांच्या हाती वही द्या आणि खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टी मागे पडण्याच्या क्रमाने लिहायला सांगा: कुंपण, झाड, देऊळ, टेकडी, डोंगर, चंद्र, तारे. यादी पुरी झाली की तीच जवळून लांबच्या क्रमाने वाचायला सांगा. एकही नाव इकडचं तिकडे करावं लागणार नाही. चंद्र खूप लांब आहे हे सांगायचं काम मग बाबांकडे उरत नाही. ते वहीत मुलाच्याच अक्षरात लिहिलेलं असतं. आणि "तारे किती लांब?" हा पुढचा प्रश्न त्याच पानावर, यादीच्या खाली लिहायला जागा सोडलेली बरी.