पत्ता बदलतो तेव्हा

महाराष्ट्रात देवळाली नावाची गावे एकाहून अधिक आहेत. नाशिकजवळची देवळाली लष्करी छावणीमुळे प्रसिद्ध आहे. राहुरी तालुक्यातील देवळालीच्या नावास प्रवरा नदीचे नाव जोडून तिला देवळाली प्रवरा असे म्हणतात. पाकिटावर केवळ ‘देवळाली’ एवढेच लिहिले असेल, तर ते पत्र कोणत्या गावी न्यावे? असे घोटाळे टळावेत म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोडची पद्धत सुरू झाली. टपालखात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक होत. ४१३७१६ हे अंक लिहिले, की पत्र देवळाली प्रवरा येथील टपालकचेरीत जाते. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु हे अंक बदलले नाहीत. म्हणून पाकिटावर जिल्ह्याचे जुने नाव असले, तरी पत्र वाट चुकत नाही.

संगणकांच्या विश्वजालातही प्रत्येक पानास पत्ता असतो. १९८९ साली टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनीव्हाजवळील ‘सर्न’ ह्या संशोधनसंस्थेत ह्या जालाची योजना मांडली. जालाचे धागे म्हणजे दुवे होत. दुवा म्हणजे एका पानात लिहून ठेवलेला दुसऱ्या पानाचा पत्ता. ह्या पत्त्याचे मुख्यतः दोन भाग असतात. पहिल्या भागात संकेतस्थळाचे नाव असते, तर दुसऱ्या भागात त्या स्थळावरील पानाची जागा सांगितलेली असते. पहिला भाग ग्रंथालयाच्या नावासारखा, तर दुसरा कपाटाच्या व फळीच्या क्रमांकासारखा होय.

समजा, देवळाली प्रवरा येथील एका शाळेच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान आहे. पानाच्या पत्त्यात जिल्ह्याचे जुने नाव होते. शाळेने ते काढून नवे घातले. पान जागेवरच आहे, मजकूरही तोच आहे. परंतु जुना पत्ता पुष्कळांनी आधीच टिपून ठेवलेला आहे. कोणी तो पत्रकात छापला, कोणी दूरच्या नातेवाइकास कळवला. अर्जाच्या शेवटच्या दिवशी एखादी मुलगी त्या पत्त्यावर जाते, तेव्हा पाने सांभाळणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, ४०४ हा अंक पाठवतो. ‘असे पान येथे सापडत नाही’ हा त्याचा अर्थ. सर्व्हर खोटे बोलत नाही. त्या पत्त्यावर खरोखरच काही नसते. परंतु अर्ज बंद झाला असे समजून ती मुलगी परत फिरते. दुवा तुटला, की नुकसान असे निमूटपणे होते.

हे संकट लहान नव्हे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१३ साली असलेल्या पानांपैकी सुमारे ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती.

ह्यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. पत्ते बदलण्यापूर्वी सर्व जुन्या पत्त्यांची यादी करावी व प्रत्येकासमोर त्याचा नवा पत्ता लिहावा. ही यादी सर्व्हरला द्यावी. मग कोणी जुना पत्ता विचारला, की सर्व्हर ३०१ हा अंक व नवा पत्ता पाठवतो. ‘हे पान कायमचे दुसरीकडे गेले आहे’ असा ह्या अंकाचा अर्थ आहे. वाचकाचे यंत्र आपोआप नव्या पत्त्यावर जाते. ह्यास पुनर्निर्देशन म्हणतात. मराठी विकिपीडियावर लेखाचे शीर्षक बदलले, तरी जुन्या शीर्षकावरून नव्या लेखाकडे वाचकाला नेण्याची हीच सोय असते.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवू नयेत. गावची सारी पत्रे चावडीवर टाकून टपालवाल्याने निघून जावे, तसे ते होईल. जुन्यावरून मधल्याकडे आणि मधल्यावरून नव्याकडे अशी साखळीही करू नये. प्रत्येक जुना पत्ता थेट नव्याशी जोडावा. स्वतःच्या पानांतील दुवे हाताने दुरुस्त करावेत. शेवटी सर्व्हरची नोंदवही पाहावी. कोणत्या पत्त्यांस ४०४ हे उत्तर गेले ते तिच्यात लिहिलेले असते. यादीतून सुटलेला पत्ता तेथे सापडतो. जे पान मुद्दाम काढून टाकले असेल, त्यासाठी ४१० हा निराळा अंक आहे. त्यावरून ते शोधणे व्यर्थ आहे हे कळते.

सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे पत्ता बदलण्याची वेळच येऊ न देणे. बर्नर्स-ली ह्यांनी १९९८ साली हाच विचार आग्रहाने मांडला. अधिकाऱ्याचे नाव, विभागाचे नाव, यंत्राचा प्रकार ह्या गोष्टी आज आहेत त्या उद्या नसतील. म्हणून त्या पत्त्यात घालू नयेत. पिनकोडच्या अंकांत जिल्ह्याचे नाव नाही, म्हणूनच नाव बदलूनही ते अंक टिकले.

पाठ्यपुस्तकांत छापलेल्या क्यूआर संकेतांमागेही बहुधा असाच एखादा पत्ता असतो. पुस्तक एकदा हजारो घरांत पोचले, की त्यातील छापील खूण कोणालाही पुसून बदलता येत नाही. ती खूण मुकी होऊ नये, ही जबाबदारी पत्ता बदलणाऱ्याची आहे. घर हलवण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. परंतु जुन्या दारावर नव्या घराची पाटी लावणे, हे त्याचे कर्तव्य होय.